एंडोस्कोपीची गुंगी आणि आपली चिठ्ठी

वेदना सहन न होणाऱ्या रुग्णास शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य द्यावे, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या 17 व्या अध्यायात सांगितले आहे. रुग्णाचे बळ पाहून वेदनेची व्यवस्था करणे हे वैद्याचे कर्तव्य, हा त्यामागील विचार होय. एंडोस्कोपीसाठी रुग्ण पाठविताना आपण हे कर्तव्य कितपत पाळतो?

धारूर तालुक्यातील एक ऊसतोड कामगार भगिनी पांडुता व काळसर मलप्रवृत्ती घेऊन आमच्याकडे आली. रक्तस्रावाच्या शंकेने आम्ही तिला एंडोस्कोपीसाठी पाठविले. घशात केवळ लिग्नोकेनचा फवारा मारून तपासणी सुरू झाली. उमासे असह्य होऊन ती अर्धवट सोडावी लागली. "पुन्हा नळी नको," म्हणून भगिनी कारखान्यावर निघून गेली. पट्टा पडल्यावर परतली, तेव्हा हिमोग्लोबिन आणखी घसरले होते. या वेळी गुंगीचे इंजेक्शन देऊन तपासणी सुखरूप झाली व जठरव्रण आढळला. मधले पाच महिने वाया गेले. गुंगी मागता येते, हे आम्हीच तिला सांगितले नव्हते.

सर्वांनाच गुंगी लागते असे नाही. जठरापर्यंतची निदानात्मक तपासणी साधारणतः 5 ते 10 मिनिटांत आटोपते व अनेकांना फवारा पुरतो. ज्यांना पुरत नाही, त्यांना शिरेतून मिडाझोलाम देतात. रुग्ण पेंगतो, पण हाकेला ओ देतो. प्रोपोफॉलने गाढ गुंगी येते. त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा. श्वास मंदावण्याचा धोका असल्याने प्राणवायू, पल्स ऑक्सिमीटर व मिडाझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल हाताशी असावे लागते. ही सिद्धता नसेल तेथे गुंगीचा आग्रह धरू नये. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगर येथे आधी चौकशी करून रुग्ण पाठवावा.

आपल्या चिठ्ठीत व बोलण्यात पुढील गोष्टी याव्यात:

1. वय, दमा, यकृतविकार, मद्यसेवन, तसेच पूर्वीची तपासणी अर्धवट राहिली असल्यास तो उल्लेख.

2. चालू औषधे. सर्पगंधेतील रेसर्पिन रक्तदाब उतरविते. जटामांसी, तगर यांसारखी शामक द्रव्ये गुंगीत भर घालू शकतात. ही नावे स्पष्ट लिहावीत.

3. लंघन. सुश्रुताचार्य बहुतेक शस्त्रकर्मांपूर्वी भोजन देतात. येथे मात्र 6 ते 8 तास पोट रिकामे हवे. सकाळचा काढाही नको.

4. सोबत. गुंगीनंतर 24 तास मोटारसायकल चालवू नये व एकट्याने परतू नये. म्हणजे दोघांची मजुरी बुडते. हे आधीच सांगून शक्यतो ऊसतोडीला निघण्यापूर्वीचा दिवस ठरवावा.

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती आहे. मिडाझोलाम 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहे. डॉक्टर, रुग्ण व मात्रा यांची स्वतंत्र नोंद करून नोंदवही 3 वर्षे जपावी लागते. नोंदीचा व्याप नको म्हणून औषध ठेवणेच बंद केले, तर त्याचा भार रुग्णावर पडतो.

जठरव्रण भरला की नाही व तो कर्करोगाचा तर नाही ना, हे पाहण्यास बहुधा पुन्हा एंडोस्कोपी करावी लागते. पहिली तपासणी सुसह्य झाली, तरच रुग्ण दुसऱ्यांदा येईल.