कलनाच्या उंबरठ्यावर: अकरावीचे गणित

कलन म्हणजे काय? बदलाचा दर आणि बदलांची बेरीज यांचे गणित. दर काढणे म्हणजे विकलन. बेरीज करणे म्हणजे संकलन.

आधी काय पक्के हवे?

- बीजगणित: अवयव पाडणे, घातांकांचे नियम, असमता.
- फलन: प्रत्येक आदानाला एकच उत्तर देणारा नियम. वर्तुळाचा पूर्ण आलेख फलनाचा नसतो. वरचे अर्धवर्तुळ मात्र फलनाचे असते.
- रेषेचा चढ: उभा फरक भागिले आडवा फरक. वक्राच्या स्पर्शिकेचा चढ म्हणजेच विकलज.
- त्रिकोणमिती: कोन रेडियनमध्ये. १८०° = पाय रेडियन; १ रेडियन म्हणजे सुमारे ५७.३°. साइनचे विकलज थेट कोसाइन येते ते रेडियनमध्येच. अंशांत जादा गुणक लागतो.
- लॉगरिदम: घातांकाची उलट क्रिया. पाया १० असता १००० चा लॉग ३.

सीमा आणि किंमत: फरक
(क्ष² − ४) ÷ (क्ष − २) या फलनाला क्ष = २ असताना किंमतच नाही; छेद शून्य होतो. क्ष = २.१ घेतल्यास उत्तर ४.१, २.०१ घेतल्यास ४.०१. क्ष २ च्या जवळ जाताना उत्तर ४ च्या जवळ जाते; म्हणून सीमा ४.

कालपट

- ११५०: भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’, त्यात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार.
- १४वे-१५वे शतक: केरळात माधव यांच्या परंपरेत साइन-कोसाइनच्या अनंत श्रेढी.
- १६१४: नेपियर यांची लॉगरिदम कोष्टके.
- १६३७: देकार्त यांची निर्देशक भूमिती.
- १६८४: लायब्निझ यांचा विकलनावरील पहिला प्रकाशित लेख. न्यूटन यांचे काम १६६०च्या दशकातले, प्रकाशन नंतरचे.