शांतता विकत मिळते का? पुरंदरचा तह आणि तैनाती फौज

दहशतवादाची बातमी आली की टीव्हीवर वाद सुरू होतो. एक म्हणतो, "थोडं नमतं घ्या, जीव वाचवा." दुसरा म्हणतो, "एकदा नमलात की पुन्हा पुन्हा नमावं लागेल." हा वाद आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांना नवा नाही.

१) पुरंदरचा तह (जून १६६५)
मिर्झाराजे जयसिंग मोठी फौज घेऊन आले. पुरंदरला वेढा पडला, गावं जाळली जाऊ लागली. शिवाजी महाराजांनी तह केला आणि २३ किल्ले दिले. त्यात आपल्या भोरचा रोहिडाही होता. १२ किल्ले राखले, त्यात वेल्ह्याचे राजगड आणि तोरणा होते. वरवर पाहिलं तर ही माघारच. पण राजधानी राजगड, स्वतःचं सैन्य आणि निर्णय घेण्याची ताकद हातात राहिली. म्हणूनच १६७० मध्ये कोंढाणा, पुरंदर, रोहिडा असे किल्ले एकामागून एक परत घेता आले.

२) वसईचा तह (३१ डिसेंबर १८०२)
हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि त्याने इंग्रजांकडे संरक्षण मागितलं. कंपनीचं किमान ६००० पायदळ कायमचं ठेवायचं, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचा आणि इतर राज्यांशी बोलणी कंपनीला विचारूनच करायची, असं ठरलं. हीच तैनाती फौज. गादी परत मिळाली, पण राखणदारच मालक झाला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२० मध्ये भोरच्या पंतसचिवांचाही कंपनीशी करार झाला. संस्थान टिकलं ते इंग्रजांच्या छत्राखाली. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं.

मग फरक कुठे?
दोन्ही वेळा काहीतरी द्यावंच लागलं. पहिल्या वेळी मुलूख गेला, बळ राहिलं. दुसऱ्या वेळी मुलूखही गेला आणि बळही परक्याच्या हाती गेलं.

आजच्या काळात
डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण झालेल्या विमानातील प्रवाशांसाठी सरकारने कंदाहारला तीन दहशतवादी सोडले. प्रवाशांचे नातेवाईक रस्त्यावर होते, त्यांची तळमळ खरी होती. पण सुटलेल्यांपैकी मसूद अझहरने पुढे जैश-ए-मोहम्मद ही संघटना काढली. त्यामुळे तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद अजून मिटलेला नाही.
२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा एनएसजीचे कमांडो दिल्लीहून यावे लागले. तोपर्यंत स्थानिक पोलीस लढत होते. हातात फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यानंतर मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, राज्याने 'फोर्स वन' हे पथक उभारलं.

लक्षात ठेवा: नमतं घेणं नेहमीच भित्रेपणा नसतो आणि लढणं नेहमीच शहाणपण नसतं. आपण काय दिलं यापेक्षा देऊन झाल्यावर हातात काय उरलं, हे आधी विचारा.

स्वाध्याय
१. तैनाती फौजेमुळे पेशव्यांचं कोणतं स्वातंत्र्य गेलं?
२. कंदाहारच्या वेळी तुम्ही प्रवाशाचे नातेवाईक असता तर काय मागितलं असतं? आणि मंत्री असता तर? दोन्ही उत्तरं लिहा.