घरांतील हवेची ये-जा

फोडणी स्वयंपाकघरांत पडते आणि ठसका दिवाणखान्यांतल्या पाहुण्यास लागतो, हा अनुभव श्रोत्यांपैकीं अनेकांस असेल. भिंतींत पंखा बसविलेला असतो, तो भरभर फिरतही असतो. मग दोष कोणाचा? पुष्कळदां तो पंख्याचा नसतो. जितकी हवा बाहेर घालवावयाची तितकीच आंत यावयास पाहिजे, या साध्या गोष्टीचा घर सजवितांना विसर पडलेला असतो.

जुन्या वाड्यांत ही अडचण नव्हती. चौकांतून हवा आंत येई, आणि तापलेली हवा धूर घेऊन धुराड्यांतून व कौलांच्या फटींतून वर निघून जाई. नव्या ब्लॉकांत छत सिमेंटचें, दारें घट्ट, खिडक्यांना सरकत्या कांचा. अशा खोलींत पंखा हवा आणणार कोठून? पंख्याच्या समोरच्या दारांत खालीं जाळी ठेवली, म्हणजे येणारी हवा शेगडीवरून वाहत जाऊन वाफ व धूर बरोबर नेते. पंख्याला लागूनच असलेली खिडकी उघडणें मात्र व्यर्थ. तींतून आलेली हवा तशीच पंख्यांतून परत जाते.

आतां पंखा केवढा असावा? १० फूट लांब, ८ फूट रुंद व १० फूट उंच स्वयंपाकघरांत ८०० घनफूट हवा मावते. ती तासांत १५ वेळां बदलावयाची, तर मिनिटास २०० घनफूट ओढली पाहिजे. परंतु पंख्यावर छापलेला आंकडा बहुधा नळी न जोडलेल्या पंख्याचा असतो.

नळींतली काटकसर फार महाग पडते. सहा इंची तोंडास चार इंची नळी जोडली, तर वाट निम्म्याहूनही कमी होते, आणि तितकीच हवा ढकलावयास विरोध सुमारे साडेसातपट होतो. घड्यांची लवचिक नळी न ताणतां चार वळणें देऊन फिरविली, कीं आवाज तेवढा होतो. नळी आंखूड, सरळ व गुळगुळीत असावी, आणि तिचें तोंड घराबाहेर उघडावें, माळ्यावर नव्हे. मुंबईस पावसाळी वारा नैऋत्येचा. त्या अंगास तोंड असेल तर झडप हवीच.

सर्वांत जपावयाचें तें न्हाणीघरांत. कोंडलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालला, कीं ज्योत प्राणवायु खाते आणि अपुऱ्या ज्वलनांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. स्नान करणाऱ्यास केवळ ग्लानि येते, आणि दाराची कडी आंतून लावलेली असते. गीझरास धुराडें असलें तरीही निश्चिंत राहूं नये. स्वयंपाकघरांतला जोरकस पंखा हवेसाठीं अडला, तर तो त्या धुराड्यांतूनच उलट हवा ओढूं शकतो. म्हणून असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत असावा.

तो आधींच आंत बसविलेला असेल, तर एक परीक्षा करावी. गीझर बंद ठेवून, सर्व दारें-खिडक्या लावून पंखा चालू करावा आणि पेटती उदबत्ती धुराड्यापाशीं धरावी. धूर धुराड्यांत वर शिरण्याऐवजीं खोलींत ढकलला जाऊं लागला, तर त्या दिवसापासून आंघोळीचें पाणी शेगडीवर तापवावें आणि मिस्त्रीस बोलावून गीझर बाहेर काढवावा.