शेखाडीपासून पत्रादेवीपर्यंत

सीमेपलीकडून येणाऱ्या धर्मांध दहशतवादाचा विषय निघाला की बोलणं काश्मीरपाशी सुरू होतं आणि बहुतेकदा तिथंच संपतं. मुंबईवरचा त्याचा पहिला मोठा घाव मात्र समुद्रावरून आला. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडमधल्या दिघी आणि शेखाडी इथं शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. 12 मार्चच्या साखळी स्फोटांत 257 माणसं गेली. आरोपींपैकी काहींना दुबईमार्गे पाकिस्तानात नेऊन शस्त्रं चालवायला शिकवलं होतं, हे न्यायालयानं मान्य केलं. त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. दिघीहून निघालेली वाहनं पोलिसांनी गोंडघर फाट्यावर रात्री अडवली होती. लाच ठरली, रोकड हाती येईपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या गेल्या आणि गाड्या पुढे गेल्या. कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. चोरट्या सोन्या-चांदीकडे काणाडोळा करायची सवय किनाऱ्यावर जुनी होती. तिच्याच आडून आरडीएक्स आत आलं. पलीकडचा आश्रय आणि अलीकडची ढिलाई एकत्र आल्याशिवाय असा हल्ला तडीस जात नाही. पहिल्यावर आपला ताबा नाही, दुसरीवर आहे.

पाकिस्तान स्वतःच दहशतवादानं पोळलेला आहे, असं यावर म्हटलं जातं. ते खरंच आहे. डिसेंबर 2014 मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेत शंभराहून अधिक मुलं मारली गेली. पण स्वतःवर उलटलेली टोळी वेगळी आणि शेजाऱ्यावर सोडायची टोळी वेगळी, हा भेद तिथल्या लष्करानं वर्षानुवर्षं जपला. लष्कर-ए-तय्यबावर तिथं 2002 मध्येच बंदी आली होती. तिचा संस्थापक हाफिज सईद जमात-उद-दावाच्या नावानं उघड सभा घेत राहिला. दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली ती 2020 मध्ये, दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठी झटणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पाकिस्तानला करड्या यादीत टाकल्यानंतर. जगाचा दबाव कामाला येतो, पण फार उशिरा. मधल्या काळात 26 नोव्हेंबर 2008 उजाडला. पोरबंदरची ‘कुबेर’ बोट ताब्यात घेऊन आलेले लष्कर-ए-तय्यबाचे दहा जण मुंबईत कुलाब्याच्या बधवार पार्कजवळ मच्छीमारांच्या वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांना ते खटकले होते, त्यांनी हटकलंही होतं. त्या शंकेवरून वेळेत काहीच हाललं नाही. 166 माणसं गेली.

गोव्यात हे सगळं पेडणे आणि डिचोलीला लागू पडतं. तेरेखोलच्या मुखापासून केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा पेडण्याचा किनारा. महामार्गावर पत्रादेवीचा नाका. 2023 पासून मोपाचा विमानतळ. डिचोलीच्या अंगाला दोडामार्गचा रस्ता. 26/11 साठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकी पासपोर्टवर, बदललेल्या नावानं भारतात फिरला आणि 26/11 नंतरही, मार्च 2009 मध्ये, अनेक शहरांतली ज्यूंची खबाद हाउस पाहून गेला. अशा माणसाला आधी पाहतो तो खोली देणारा. म्हणून विदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत कळवायचा नियम नुसती कागदी कटकट नाही. पाण्यावरचं वेगळेपण तसंच आधी रापणकाराला कळतं. होडीनं जाळं अर्धगोल टाकून झालं की दोन्ही टोकांचे दोर ओढत माणसं किनाऱ्यावर उभी असतात, नजर समुद्रावर. कुठली होडी कुणाची, हे त्यांना लांबून ओळखू येतं. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक त्यांच्यासाठीच आहेत. पण दिलेल्या खबरीचं पुढे काय झालं, हे कुणी परत येऊन सांगितलं तरच माणूस दुसऱ्यांदा फोन उचलतो.

एकाच धर्माच्या भाडेकरूंवर नजर ठेवली की काम भागेल, असं काहींना वाटतं. पुरावा उलटं सांगतो. दिघी-शेखाडीच्या मालाला वाट देणाऱ्या शासकीय नोकरांत हिंदूही होते. आणि 26/11 च्या नऊ मेलेल्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली ती मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी. 1993 च्या कटवाल्यांना काही माणसं मिळाली ती त्याआधीच्या मुंबईतल्या दंगलींनी दुखावलेल्या वस्त्यांतून. शेजाऱ्यांत अविश्वास पसरला की पलीकडच्यांना भरती सोपी जाते आणि खबर देणारा गप्प बसतो. माझी काळजी वेगळी आहे. गोव्यातून महाराष्ट्रात चोरटी दारू नेताना गाड्या पकडल्याच्या बातम्या बांदा-दोडामार्ग पट्ट्यातून वर्षभर येत असतात. पकडलेल्या गाड्यांची बातमी होते, सुटलेल्यांची होत नाही. बाटल्यांची गाडी जिथं पैशांवर सुटू शकते, तिथं ताडपत्रीखाली दुसरं काय आहे हे पाहायला कुणी थांबत नाही.