एक कोटी नोंदी हलवताना

एका डेटाबेसमधून दुसऱ्यात एक कोटी नोंदी न्यायच्या आहेत. एक नोंद पाठवायची, 'पोचली' असा उलट निरोप येईपर्यंत थांबायचं, मग पुढची. या जाण्यायेण्याला एकच मिलिसेकंद लागतो असं धरलं, तरी नुसत्या थांबण्यात पावणेतीन तास जातात. तेच हजार-हजारांचे गठ्ठे केले तर दहा सेकंद! नेटवर्कचा वेग वाढवण्याआधी हे हेलपाटे कमी करायला हवेत.

मग सगळ्याचा एकच गठ्ठा का नको? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'कॉपी' नावाची आज्ञा आहे. ती आख्खी फाइल एका दमात भरते. पण नव्वद लाखाव्या ओळीत तारखेच्या जागी भलताच मजकूर निघाला, की सगळंच रद्द. आधी भरलेल्या नोंदी कुणाला दिसत नाहीत, डिस्कवरची जागा मात्र साफसफाई होईपर्यंत अडवून बसतात. ही शिस्त जाचक असली तरी मला पटते. अर्धवट भरलेलं टेबल पूर्ण समजून वापरलं जाण्यापेक्षा रिकामं बरं. 2024 साली आलेल्या सतराव्या आवृत्तीत अशा ओळी वगळून पुढे जाण्याची मुभा मिळाली. मात्र वगळलेल्या ओळी नंतर शोधून दुरुस्त करायच्या, हे काम आपल्याच गळ्यात.

वेग वाढवायची दुसरी युक्ती म्हणजे इंडेक्स आधी काढून टाकणं. नाहीतर प्रत्येक नोंदीबरोबर प्रत्येक इंडेक्स बदलावा लागतो. हे म्हणजे पुस्तकाचं एकेक पान छापताना शेवटची सूची दरवेळी नव्याने जुळवण्यासारखं. ओरॅकल हा डेटाबेस त्याच्याही पुढे जाऊ देतो. नेहमीचा मार्ग टाळून डेटा थेट फाइलीत लिहायचा आणि बदलांची रोजनिशी, म्हणजे लॉग, जवळजवळ ठेवायचाच नाही. काम झपाट्याने होतं. पण बॅकअप घेण्याआधी डिस्क गेली, तर लॉगवरून तो डेटा परत उभा करता येत नाही. मूळ फाइल हाताशी असेल तर हा धोका खुशाल पत्करावा. ती पुसून टाकली असेल, तर हा शुद्ध जुगार.

हे सगळं दुकान बंद ठेवता येत असेल तर. दुकान चालू ठेवून टेबलाची रचना बदलण्यासाठी गिटहबने 2016 मध्ये 'घोस्ट' हे साधन खुलं केलं. ते जुन्या नोंदी छोट्या तुकड्यांत नव्या टेबलात नेतं आणि त्याच वेळी मायएसक्यूएल या डेटाबेसचा लॉग वाचून ताजे बदलही तिथे उतरवतं. डेटाबेसच्या प्रती मागे पडायला लागल्या की ते स्वतःच थबकतं. इथे सावकाशपणा मुद्दाम ठेवलेला आहे.

शेवटी दोन्हीकडच्या नोंदी मोजायच्या. आकडे जुळले तरी निर्धास्त होऊ नये. ओरॅकल रिकामा मजकूर आणि 'माहितीच नाही' यांत फरक करत नाही; पोस्टग्रेस करतं. त्यामुळे पोस्टग्रेसमधून ओरॅकलमध्ये गेलेल्या नोंदींतला हा फरक कायमचा पुसला जातो, आणि मोजणीत एकही नोंद कमी भरत नाही. तो पकडायचा तर रकानान् रकाना ताडून पाहावा लागतो. म्हणजे दोन्हीकडचा सगळा डेटा पुन्हा वाचणं आलं, आणि गठ्ठे करून वाचवलेल्या तासांतले काही तिथे खर्ची पडतात.