जुन्या चित्रपटाचा जीर्णोद्धार

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पूर्वभागात लोणी हे आमचे गाव आहे. सह्याद्रीच्या कुशीत धो धो कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येईतो थकून जातो. त्यामुळे आभाळाकडे डोळे लावून बसणे येथील माणसांच्या अंगवळणी पडले आहे. माझ्या लहानपणी, १९७० नंतरच्या त्या वर्षांत, जत्रेच्या दिवसांत माळावर फिरत्या सिनेमाचा तंबू उभा राही. मातीत मांडी घालून आम्ही मुले पडद्याकडे टक लावून पाहत असू. चित्रपट कोणताही असो, त्यात उभ्या रेषांचा पाऊस सतत पडत असे. एकदा मी वडिलांना विचारले, “आबा, सिनेमातल्या गावात रोज पाऊस पडतो, मग आपल्याच गावात का नाही?” वडील हसून म्हणाले, “अरे, तो पाऊस नव्हे. फीत झिजली आहे.”

फीत झिजते म्हणजे काय होते, आणि झिजलेल्या फितीवरील चित्र पुन्हा उजळता येते काय, हे समजावयास मला पुढे पुष्कळ वर्षे लागली. तेच आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

चित्रपटाच्या पारदर्शक फितीवर स्थिर छायाचित्रे ओळीने छापलेली असतात. अशा प्रत्येक चित्रास चौकट म्हणतात. दर सेकंदास २४ चौकटी डोळ्यांपुढून सरकतात आणि आपणांस हालचालीचा भास होतो. एक तासाच्या चित्रपटात अशा ८६,४०० चौकटी असतात. फितीच्या एका अंगास जिलेटीनचा पातळ लेप असतो व चित्र त्या लेपात उमटलेले असते. फीत यंत्रातून वारंवार गेली की लेपावर ओरखडे उठतात, कडेची छिद्रे फाटतात आणि धूळ चिकटते. त्या ओरखड्यांनाच मी पाऊस समजलो होतो! शिवाय दमट हवेत लेपावर बुरशी चढते, रंग उडतात. जुन्या काळची नायट्रेटची फीत तर अतिशय ज्वालाग्राही असे. एकदा पेटली म्हणजे ती पाण्यानेही विझत नसे. तिच्या जागी आलेली ॲसिटेटची फीत तशी पेट घेत नाही. परंतु उष्ण व दमट हवेत तीही कुजते, आकसते, आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो.

अशा प्रकारे आपला केवढा तरी ठेवा नाहीसा झाला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. त्यानंतरच्या मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट निर्माण झाले. त्यांतील अगदी मूठभरच आज पूर्ण वा अपूर्ण स्थितीत पाहावयास मिळतात. १९३१ साली आलेला आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर पूर्णपणे हरवला आहे. कित्येक फिती लेपातील चांदी काढून घेण्यासाठीच नष्ट करण्यात आल्या.

ही हानी थांबावी म्हणून १९६४ साली पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे आपले उभे आयुष्य वेचले. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोदामात पडलेली रिळे त्यांनी गावोगाव हिंडून मिळविली. त्याच परिसरात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, १९६० पासून चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. तेथील विद्यार्थी शिक्षण पुरे करताना स्वतः एक लहानसा चित्रपट काढतात. अरुण खोपकर यांनी १९७४ साली असाच ‘तीव्र मध्यम’ हा चित्रपट काढला. त्यात काम करणाऱ्या स्मिता पाटील त्या वेळी अवघ्या एकोणीस वर्षांच्या आसपास होत्या. पुढे सारा देश त्यांना ओळखू लागला. विद्यार्थ्याच्या चित्रपटाच्या प्रती काही गावोगावच्या चित्रपटगृहांसाठी निघत नाहीत. म्हणून अशी एक प्रत कुजली, तर एखाद्या कलावंताचे पहिले पाऊलच पुसले जाते.

मग जीर्ण फितीचा उद्धार कसा करतात? स्मिता पाटील यांच्याच भूमिकेने नटलेल्या ‘मंथन’ या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७६ सालचा. त्यासाठी गुजरातेतील ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख रुपयांचे भांडवल उभे राहिले. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने त्याचा जीर्णोद्धार करविला. चित्रांसाठी पुण्याच्या संग्रहालयातील मूळ निगेटिव्ह घेतली, आणि ध्वनी मात्र दुसरीकडे जपलेल्या एका प्रतीवरून घेतला. चेन्नई आणि इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी हे काम तडीस नेले. मे २०२४ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवात ‘मंथन’ पुन्हा झळकला.

या कामाची पहिली पायरी हातांची आहे, यंत्राची नव्हे. कारागीर हातमोजे घालून फीत इंच इंच तपासतो, फाटलेली छिद्रे सांधतो, उखडलेले जोड नीट करतो आणि फीत स्वच्छ करतो. त्यानंतर स्कॅनर नावाचे यंत्र एकेका चौकटीचे सूक्ष्म चित्र घेते. ‘मंथन’चे काम ज्या पद्धतीने झाले तीत एका चौकटीच्या रुंदीत सुमारे ४,००० ठिपके सामावतात. सव्वादोन तासांच्या चित्रपटात जवळजवळ २ लाख चौकटी असतात, हे ध्यानात घ्या म्हणजे कामाचा पसारा लक्षात येईल.

आता संगणकाचे काम सुरू होते. धुळीचा कण बहुधा एकाच चौकटीवर असतो. तिच्या मागच्या व पुढच्या चौकटीवर नसतो. संगणक या तिन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवून पाहतो, मधला डाग ओळखतो आणि शेजारच्या चौकटींच्या आधाराने ती जागा भरून काढतो. थरथरणारे चित्र तो स्थिर करतो, कमीजास्त होणारा उजेड सारखा करतो. ध्वनीतील खरखर आणि तडतडही अशीच कमी करतात.

परंतु संगणकाला दृष्टी असली तरी विवेक नसतो. वेगाने उडालेला चेंडू किंवा पावसाचा खराखुरा थेंबही एकाच चौकटीत एके जागी दिसतो. त्याला धूळ समजून तो पुसून टाकू शकतो. अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर अस्पष्ट चेहऱ्यावर मुळात नसलेले बारकावेही रेखाटतात. म्हणून माणसाला प्रत्येक दुरुस्ती डोळ्यांखालून घालावी लागते. मूळ रंग कसे होते, हे तर ज्यांनी चित्रपट घडविला त्यांनाच ठाऊक. ‘मंथन’च्या वेळी बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी हे दोघेही साहाय्यास होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेनेगल यांचे निधन झाले. आणखी थोडा विलंब लागता, तर ते साहाय्य लाभले नसते.

विद्यार्थ्याच्या चित्रपटात हा विवेक अधिकच लागतो. शिकाऊ हाताने धरलेला कॅमेरा कधी हलतो, कधी उजेड कमी पडतो. हे दोष काळाने केलेले नाहीत. ते त्या विद्यार्थ्याचे आहेत. काळाने केलेली इजा दूर करावी आणि कर्त्याच्या हातचे जसेच्या तसे ठेवावे, हा जीर्णोद्धाराचा धर्म आहे.

याची प्रचीती मला घरीच आली. सेवानिवृत्तीनंतर जुनी पेटी आवरताना सातवीत असताना मी लिहिलेला ‘माझा गाव’ हा निबंध सापडला. घड्यांवर कागद फाटला होता. मी मागून पातळ कागद चिकटवून तो सांधला. वाचताना शुद्धलेखनाच्या चार चुका दिसल्या आणि सवयीने हात लाल पेनाकडे गेला. पण मी थांबलो. चुका दुरुस्त केल्या असत्या, तर तो निबंध मुख्याध्यापकाचा झाला असता. सातवीतल्या मुलाचा राहिला नसता.

संगणकात साठविलेली चित्रेही अमर नसतात. साठवणीची साधने बिघडतात, जुनी होतात. म्हणून तीवरील प्रती वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवाव्या लागतात. मूळ फीत तर थंड व कोरड्या जागी जपून ठेवावीच लागते. उद्या अधिक चांगली साधने निघाली, तर पुन्हा तिच्याकडेच वळावे लागेल.

मुलांनो, तुमच्या घरीही लग्नाची एखादी व्हिडिओ कॅसेट किंवा आजोबांची जुनी छायाचित्रे असतील. ती ओलीपासून दूर ठेवा. छायाचित्रांत कोण कोण आहेत, हे आजीला विचारून वहीत लिहून घ्या. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे विचारून घेतले पाहिजे.