कोडचं बिऱ्हाड हलवताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि जिल्ह्यातली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका. दोन्ही गावं नदीकाठची. अशा ठिकाणी एखाद्या संस्थेनं किंवा धाटाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यानं आपल्या सॉफ्टवेअरचा कोड स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवला, तर तो कुठल्या डिस्कवर आणि कुठल्या मजल्यावर आहे, याला फार महत्त्व येतं.

या कामासाठी बरेच जण गिटलॅब वापरतात. त्यात सगळा कोड सुरुवातीला सर्व्हरच्या मुख्य डिस्कवरच साठत जातो. ती भरत आली की जागा बदलणं भाग पडतं. सेवा थांबवायची, ‘आरसिंक’ या कॉपी करणाऱ्या आज्ञेनं सारं नव्या डिस्कवर उतरवायचं, सेटिंगच्या फाइलीत नवा पत्ता लिहायचा आणि सेवा पुन्हा सुरू करायची. फाइलींची मालकी मात्र ‘गिट’ या युजरकडेच राहिली पाहिजे. नाहीतर फाइली जागच्या जागी दिसतात, पण सर्व्हरला त्या उघडत नाहीत.

नव्या डिस्कवर डोकावलं, तर प्रकल्पांची नावं कुठेच सापडत नाहीत. प्रकल्प क्रमांक १ ‘६बी’ या फोल्डरमधल्या ‘८६’मध्ये असतो आणि त्याचं नाव ६४ अक्षरांचं! क्रमांकावर एसएचए-२५६ हे गणित चालवून ते नाव तयार होतं. त्यामुळे प्रकल्पाचं नाव बदललं तरी फोल्डर हलवावं लागत नाही.

मला खरं अप्रूप वाटतं ते या फोल्डरच्या आतल्या रचनेचं. ती असते गिटची, ज्यावर गिटलॅब उभं आहे. लिनस टॉरवाल्ड्सनं एप्रिल २००५मध्ये लिहायला घेतलेल्या गिटमध्ये प्रत्येक नोंदीचं नाव तिच्या मजकुरावरूनच काढलं जातं, आणि पहिलं सोडलं तर प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे साठवलेल्या बदलात, आधीच्या कमिटचं नाव असतं. कॉपी करताना एक बिट जरी बिघडला, तरी मजकूर आणि नाव जुळत नाही. ‘गिट एफएससीके’ ही आज्ञा दिली की असा बिघाड लगेच उघड होतो. ही तपासणी झाल्याशिवाय जुन्या डिस्कला हात लावू नये.

डेटाबेसला मात्र ही सोय नाही. कुठला क्रमांक कुठल्या प्रकल्पाचा, कोणाला कसले अधिकार, कामाच्या चर्चा, हे सारं वेगळ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्याच एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. नेहमीचे बॅकअप ऐन वेळी कामाला आले नाहीत. सहा तास आधी हातानं घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. कोड शाबूत राहिला, पण मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या.

म्हणून कोड आणि डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप एकाच वेळी, सेवा बंद ठेवून घ्यावा, आणि पावसाळ्याआधी तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून चालतो का ते पाहावं. त्यातली एक प्रत गावाबाहेर असावी. गुप्त किल्ल्यांची फाइल गिटलॅबच्या बॅकअपमध्ये मुद्दामच घेतली जात नाही. तिच्यावाचून डेटाबेसमधली कुलूपबंद माहिती उघडत नाही, तेव्हा ती निराळी जपून ठेवावी.